जमीन, घर आणि मृत्युपत्र: हयातीत काय करावं, मागे राहिलेल्यांनी काय करावं

सातारा-सांगलीकडच्या कुटुंबाची मालमत्ता सहसा एका जागी नसते. पाटण किंवा वाळव्याच्या शिवारात दोन-चार एकर, गावठाणात जुनं घर, विहिरीत पाळीचा हिस्सा, साखर कारखान्याचा शेअर, विकास सोसायटीचं कर्ज, जिल्हा बँकेत ठेव. थोरल्या भावाने माथाडीत किंवा गिरणीत आयुष्य काढलं असेल तर मुंबईत एक खोली. घर विटा-खानापूर-आटपाडीकडचं असेल तर गलाईच्या म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी परमुलखात दुकान. यातल्या प्रत्येक गोष्टीला कार्यालय वेगळं, कागद वेगळा, मुदत वेगळी. आणि हे सगळं तोंडपाठ असलेला माणूस बहुतेक घरांत एकच असतो. तो गेला की उरलेले तहसीलच्या पायऱ्यांवर बसून एकमेकांना विचारत राहतात.

म्हणून कागद लावण्याचं हे काम माणूस हयात असतानाच सुरू करायचं. एक गोष्ट मात्र आधीच मनाशी पक्की धरा. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, म्हणून तो बिनचूक ठेवायचा. पण मालकी येते ती वारसा, मृत्युपत्र, खरेदीखत, बक्षीसपत्र किंवा वाटपातून. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. त्यामुळे भावाने नाव लावून घेतलं म्हणून बहिणीचा हक्क बुडत नाही, आणि आपलं नाव लागलं म्हणून निर्धास्त झोपताही येत नाही.

आधी कागद गोळा करा आणि वाचा

घरातल्या प्रत्येक गटाचा सातबारा, खात्याचा 8अ आणि सातबाऱ्यावर ज्यांचे क्रमांक दिसतात ते सगळे फेरफार काढा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो. जुने फेरफार आणि हाताने लिहिलेले सातबारे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून मिळवा. याचा कंटाळा करू नका. संगणकीकरणात गळलेलं नाव सापडलं तर तिथेच सापडतं.

आता सातबारा समोर ठेवून भोगवटादाराचा रकाना ओळीने वाचा. ज्या नावाला कंस आहे, त्याचा हक्क कमी झालेला आहे. तो का कमी झाला, हे त्याच ओळीतल्या फेरफारात लिहिलेलं असतं. एखाद्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असेल तर नोंद झाली तेव्हा तो वारस अज्ञान होता आणि पालनकर्ता म्हणून दुसऱ्याचं नाव लागलं. मूल सज्ञान झालं की तो शेरा काढून घ्यायचा असतो. पुष्कळांचा तसाच राहून जातो. भूधारणा ‘वर्ग 2’ असेल तर जमीन वतनाची, पुनर्वसनाची किंवा सरकारने अटींवर दिलेली असते. तिच्यावर वारसांची नावं लागतात, पण विक्रीला किंवा हस्तांतराला परवानगी लागते. कोयनेच्या विस्थापितांच्या वारसांनी हा शेरा आवर्जून तपासावा. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा, कूळ, विहिरीतला किंवा वाटेचा हक्क दिसतो.

सगळ्यात जास्त सावध व्हायचं ते ‘ए.कु.मॅ.’ या शेऱ्यापाशी. एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं किंवा चुलत्याचं एकट्याचं नाव आणि त्यापुढे हा शेरा असेल, तर तो एकटा मालक नाही. सगळ्या कुटुंबाच्या वतीने त्याचं नाव लागलेलं आहे. तो माणूस वारतो, त्याच्या वारसनोंदीत फक्त त्याचीच मुलं लागतात, शेरा गळतो, आणि धाकट्या भावांची घरंच्या घरं कागदावरून पुसली जातात. आपल्याकडची कितीतरी भाऊबंदकी इथून सुरू झालेली आहे. शासनाच्या ई-हक्क प्रणालीत ए.कु.मॅ. नोंद कमी करण्यासाठी वेगळा अर्ज आहे. ती कमी करून कुटुंबातल्या सगळ्या हक्कदारांची नावं लावून घ्यावीत, आणि हे काम मॅनेजर हयात असतानाच उरकावं. त्याच्या एका जबाबाने जे होतं, ते त्याच्या मागे दहा वर्षांच्या दाव्यानेही होईलच असं नाही.

गावठाणातल्या घराचं दुखणं निराळं. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव आहे म्हणून घर आपलं, असं न्यायालयात चालत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिका तयार होते. तिच्यावर कोणाकोणाची नावं आली, ते पाहा. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज अशा शहरांत नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड घ्यायचं.

मिळकत कोणत्या प्रकारची, ते ठरवा

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 लागू आहे. म्हणजे सांगलीकडचे लिंगायत आणि जैन यांनाही तोच. स्वतःच्या कमाईची मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर ती पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात सारखी वाटली जाते. आधीच वारलेल्या मुलाचा किंवा मुलीचा वाटा त्यांच्या वारसांना मिळतो. या पहिल्या वर्गात वडील नाहीत, आई आहे. विवाहित मुलगा गेला की त्याच्या म्हाताऱ्या आईला सुनेइतकाच वाटा आहे, आणि वारसनोंदीत सर्वाधिक विसरलं जाणारं नाव तिचंच असतं.

वडिलार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्मतः मुलाइतकीच हिस्सेदार आहे. महाराष्ट्राने तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना हा हक्क 22 जून 1994 पासून दिला, आणि 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सगळ्याच मुलींना मिळाला. त्या तारखेला वडील हयात होते की नाही, याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटपं मात्र उकरता येत नाहीत. ‘तोंडी वाटप झालं होतं’ एवढं म्हणून भागत नाही. त्या काळचा सरकारी कागद दाखवावा लागतो.

आता हिशेब करून पाहू. वडिलार्जित 4 एकर, म्हणजे 160 गुंठे. घरात वडील, आई, दोन मुलगे, एक मुलगी. वडील वारले की त्याच क्षणी वाटप झालं असतं तर कोणाला किती मिळालं असतं, हे कायदा आधी पाहतो: पाच जणांना 32 गुंठे. मग वडिलांचे 32 गुंठे आई, दोन मुलगे आणि मुलगी यांच्यात 8-8 गुंठे. शेवटी प्रत्येकाचे 40. वडिलांनी ‘सगळी जमीन थोरल्याला’ असं मृत्युपत्र केलेलं असलं, तरी ते लागू होतं फक्त त्यांच्या स्वतःच्या 32 गुंठ्यांना. बाकीचे 128 गुंठे त्यांचे नव्हतेच, मग ते कोणाला देणार?

यात एक बारकावा आहे, आणि निम्मे सल्ले तिथेच चुकतात. गावात आपण जिला वडिलार्जित म्हणतो, ती प्रत्येक जमीन कायद्याने एकत्र कुटुंबाची नसते. आजोबांची स्वतःच्या कमाईची जमीन त्यांच्या 1956 नंतरच्या मृत्यूमुळे वडिलांना वारसाने आली असेल, तर वडिलांच्या हातात ती त्यांची स्वतंत्र मिळकत ठरते आणि तिचं मृत्युपत्र ते करू शकतात. म्हणून वकिलाकडे जाताना आजोबा कोणत्या साली वारले आणि त्यांना जमीन कुठून आली, हे दोन प्रश्न सोडवून जा. दोन्हींची उत्तरं जुन्या फेरफारात असतात.

घरात पहिली पत्नी असताना दुसरं लग्न झालं असेल, तर दुसरी बाई कायद्याने वारस होत नाही. तिची मुलं मात्र वडिलांच्या वाट्यात वारस आहेत. त्यांची नावं दडवून केलेली नोंद पुढे मोडतेच.

मृत्युपत्र लिहिताना

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर, हाताने किंवा टाइप करून, स्वतःच्या भाषेत लिहिलं तरी चालतं. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 63 ची मुख्य अट अशी: करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा, आणि किमान दोन साक्षीदारांनी तो होताना पाहून किंवा त्याने ‘ही माझीच सही’ असं सांगितल्यावर, त्याच्या समोर आपल्या सह्या करायच्या. नोटरीचा शिक्का या दोन साक्षीदारांची जागा घेत नाही.

मजकूर या क्रमाने येऊ द्या. नाव, वय, पत्ता. ‘याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’. कुटुंबातल्या सगळ्यांची नावं आणि नाती, ज्यांना काही द्यायचं नाही त्यांचीही. मग मिळकतींची यादी: गाव, गट नंबर, क्षेत्र, आपला हिस्सा, चतुःसीमा, घराचा मिळकत क्रमांक, बँकेचं नाव आणि शाखा, कारखान्याच्या शेअरचा क्रमांक, विहिरीतली पाळ आणि वीजजोडणी. विहीर आणि मोटार लिहायची राहिली, तर जमीन एकाकडे आणि पाणी दुसऱ्याकडे अशी गत होते. मग कोणाला काय. एखाद्या मुलाला वगळलं असेल तर कारण लिहा. ‘त्याच्या शिक्षणाला व घराला मी हयातीत खर्च केला आहे’ इतकं पुरतं. शेवटी एक वाक्य: ‘वर न लिहिलेली व पुढे मिळणारी मिळकत अमुक यांना’. आणि अंमल करणारा व्यवस्थापक कोण, हे नावानिशी लिहा.

पत्नी हयात असेल तर तिच्या राहण्याचं आणि पोटाचं आधी लिहा. घरात आजन्म राहण्याचा हक्क आणि उत्पन्न देणारा एखादा तुकडा तिच्या मालकीचा, असं मी प्रत्येकाला सांगेन. मुलं चांगली आहेत हे खरंच असतं. तरीही आईला औषधाच्या पैशांसाठी हात पसरावा लागू नये.

साक्षीदार करणाऱ्यापेक्षा वयाने लहान, गावात ओळखीचे आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे असावेत. पुढे न्यायालयात त्यांच्यापैकी एकाला तरी उभं राहून ‘माझ्यासमोर सही झाली’ असं सांगावं लागतं. प्रत्येक पानावर सही. वय फार झालं असेल किंवा आजारपण असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला: माणूस शुद्धीवर आहे, समजून सही करतो आहे. सही न येणाऱ्याला मजकूर वाचून दाखवला, असं साक्षीदारांच्या सहीखाली स्पष्ट लिहा. ज्याला मोठा वाटा मिळणार, त्यानेच वकील आणला, त्यानेच साक्षीदार बोलावले आणि त्याच्याच घरी सही झाली, तर न्यायालय संशयाने पाहतं, आणि तो संशय फेडण्याची जबाबदारी त्याच्यावरच येते. त्यापेक्षा करणाऱ्याने स्वतः उठून वकिलाकडे जावं.

नोंदणीची सक्ती नाही, पण करा. दुय्यम निबंधकाकडे फी 100 रुपये आणि पानांचा किरकोळ खर्च. तिथे करणाऱ्याचा फोटो निघतो, अंगठ्याचा ठसा घेतात, दोन साक्षीदार ओळख पटवतात. पुढे ‘ही सही वडिलांची नव्हेच’ म्हणणाऱ्याला तो फोटो आणि ठसा आड येतो. मात्र नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र आपोआप सिद्ध होत नाही. साक्षीदार लागतोच. मजकूर गुप्त ठेवायचा असेल तर सीलबंद पाकीट जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतं. मन बदललं तर नवं मृत्युपत्र करा. शेवटचं खरं धरतात.

साताऱ्याच्या मातीला वारसाच्या कागदांची ही दुखणी जुनी आहेत. छत्रपती शाहू महाराजांनी 15 डिसेंबर 1749 रोजी साताऱ्यात देह ठेवण्यापूर्वी पेशव्यांना स्वतःच्या हातच्या दोन याद्या दिल्या होत्या. कारभार कोणी पाहायचा, ते त्यांत होतं. पण वारस म्हणून आणलेले रामराजे आपले नातू नव्हेतच, असं ताराराणींनी जाहीर केल्यावर सगळं पुन्हा पेटलं. पुढे 1848 मध्ये शहाजी महाराजांनी मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक कंपनी सरकारने नाकारला आणि साताऱ्याचं राज्य खालसा केलं. आजच्या घरात दत्तक मूल असेल, तर नोंदणीकृत दत्तकपत्र ताबडतोब करून ठेवा. ते असलं की दत्तकविधान कायदेशीर झालं, असं न्यायालय धरून चालतं आणि उलट सिद्ध करण्याचं ओझं समोरच्यावर जातं.

बायकांसाठी एक वेगळी विनंती. मूलबाळ नसलेली विधवा नोकरी करून घर घेते आणि मृत्युपत्र न करता जाते. तिच्या कमाईचं ते घर आधी नवऱ्याच्या वारसांकडे, म्हणजे दीर-पुतण्यांकडे जातं. तिचे आईवडील त्यांच्या मागे रांगेत. हे तिला हवं असेलच असं नाही. पगार घेणाऱ्या प्रत्येक बाईने दोन पानांचं मृत्युपत्र करावं.

मुस्लिम कुटुंबांत मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशापर्यंतच देता येतं. त्याहून जास्त द्यायचं, किंवा एखाद्या वारसालाच द्यायचं, तर इतर वारसांची संमती लागते. ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चाच कायदा लागू आहे.

माणूस गेल्यावर पहिल्या महिन्यात

मृत्यूची नोंद 21 दिवसांत आणि जिथे मृत्यू झाला तिथे होते. गाव कवठेमहांकाळ तालुक्यातलं आणि मृत्यू मिरजेच्या दवाखान्यात, तर दाखला महापालिकेचा. ग्रामपंचायतीत खेटे घालू नका. दाखल्यावरचं नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी जुळतं का, ते तिथल्या तिथे पाहा. ‘बापू’ आणि ‘बापूसाहेब’ यांतला फरक पुढे प्रतिज्ञापत्रं लिहायला लावतो. प्रती पाच-सहा घ्या. मूळ मृत्युपत्र कुठे आहे ते शोधा आणि त्याला टाचणी, पंच, लॅमिनेशन काहीही करू नका.

वारसनोंद

जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, पण गावात तलाठीच म्हणतात. मुदत टळली तरी नोंद होते, म्हणून उशीर झालेल्यांनी थांबून राहू नये. 2025 मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, ती याच साचलेल्या नोंदींसाठी. बुलढाण्यात सुरू झालेलं हे काम 1 एप्रिलपासून राज्यभर नेलं, आणि चावडीवाचन करून मयत खातेदारांच्या याद्या केल्या.

अर्ज तलाठ्याकडे द्या किंवा ई-हक्कवर भरा. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा आणि 8अ, सगळ्या वारसांचे आधार, आणि एका वारसाचं प्रतिज्ञापत्र, ज्यात वंशावळ आणि ‘याशिवाय वारस नाही’ असं लिहिलेलं असतं. पोच घ्या. तलाठी गावात चौकशी करून गाव नमुना 6क म्हणजे वारस प्रकरणांच्या नोंदवहीत वारस लिहितो, आणि मंडल अधिकारी ते तपासतात. मग नमुना 6 मध्ये फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, चावडीवर लागते आणि ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही दिसते. हरकतीला 15 दिवस. हरकत नसेल तर मंडल अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावर नावं लागतात.

परगावी असलेल्या बहिणीने, चुलतभावाने ती ‘आपली चावडी’ स्वतः उघडून पाहावी. इचलकरंजीत किंवा कोइमतूरमध्ये बसून गावच्या फेरफाराची नोटीस वाचता येते, ही फार मोठी सोय झाली आहे. हरकत साध्या कागदावर लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. हरकत आली की प्रकरण 6अ मध्ये, विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते.

मंडल अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करता येतं. ‘नाव लागलंय ना आता, बघू पुढं’ असं म्हणता म्हणता हे दिवस जातात.

मृत्युपत्र असेल तर अर्जाला त्याची प्रत जोडा. सगळ्या वारसांना ते मान्य असेल तर त्याप्रमाणे नोंद होते. एकानेही ते खोटं म्हटलं, तर खरंखोटं ठरवणं तलाठ्याचं किंवा मंडल अधिकाऱ्याचं काम नाही. दिवाणी न्यायालयात जावं लागतं.

हक्कसोड

बहिणीने राजीखुशीने हक्क सोडायचा असेल, तर तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या हक्कसोडपत्रानेच. रक्ताच्या नात्यातल्या वडिलार्जित मिळकतीला 500 रुपयांचा मुद्रांक पुरतो. तलाठ्यासमोर दिलेला जबाब, कोऱ्या मुद्रांकावरची सही, ‘माहेर तुटू नये म्हणून’ दिलेला अंगठा, यांनी हक्क सुटत नाही. कोणाच्या लाभात सोडला, सगळ्या भावांच्या की एकाच्या, आणि कोणत्या गटातला, हे पत्रात स्वच्छ लिहावं. वडील हयात असताना त्यांच्या स्वतःच्या कमाईच्या मिळकतीवरचा पुढचा वारसाहक्क मुलीकडून आधीच सोडवून घेतलेला कागद कुचकामी असतो. जो हक्क अजून मिळालाच नाही, तो सोडता येत नाही.

भावांना माझं सांगणं आहे. बहिणीला आधी वकिलाकडे एकटीला जाऊ द्या. काय सोडते आहे ते तिला आकड्यात कळू द्या. मग तिने सही केली तर ती खरी. तिने वाटा मागितला, तर ती तिच्या बापाचीच मिळकत मागते आहे.

प्रोबेट आणि मुंबईची खोली

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाने केलेलं शिक्कामोर्तब. सातारा-सांगलीतल्या मिळकतीच्या, इथेच केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. ती होती मुंबई, कोलकाता, चेन्नई या उच्च न्यायालयांच्या मूळ अधिकारक्षेत्रात केलेल्या किंवा तिथल्या स्थावर मिळकतीच्या मृत्युपत्रांना. त्यामुळे गावची जमीन सहज नावावर व्हायची आणि काळाचौकीची किंवा परळची खोली वर्षानुवर्षं अडकून पडायची. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 1925 च्या कायद्यातलं 213 हे कलमच काढून टाकलं आणि ही सक्ती संपली. एखादी गृहनिर्माण संस्था अजून प्रोबेटच मागत असेल, तर त्यांना हा बदल लेखी कळवा आणि उत्तरही लेखी मागा. वारसांत वाद दिसत असेल, तर मात्र स्वतःहून प्रोबेट घेण्यात शहाणपण आहे. व्यवस्थापक नेमलेला असेल तर तो प्रोबेट मागतो. नेमलेला नसेल तर लाभार्थी व्यवस्थापनपत्र मागतात.

मृत्युपत्र नाही आणि वाद आहे, किंवा एखादं कार्यालय अडून बसलं आहे, तर दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. दोन प्रकारांत गल्लत करू नका. ठेवी, शेअर, येणी यांसाठी 1925 च्या कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र. जमीन-घरासाठी वारस असल्याची मान्यता हवी तर 1827 च्या मुंबई रेग्युलेशन आठखालचा वारस दाखला, जो आपल्याकडे आजही चालतो. अपिलासाठी उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच, तर 18 ऑगस्ट 2025 पासून सातारा आणि सांगलीची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. मुंबईचा हेलपाटा वाचला.

ठेवी, शेअर, ऊसबिल

नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा. मालक वारसच. ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर यांच्या पश्चात कुटुंबात गुंतवणुकीच्या नॉमिनीवरून झालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी हेच ठरवलं: नाव नॉमिनी म्हणून लावल्याने वारसांचा हक्क संपत नाही. तरी नॉमिनी लावाच, कारण पैसे लवकर सुटतात. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या ठेवीला चार नॉमिनी लावता येतात. नॉमिनी नसेल, मृत्युपत्र नसेल आणि वाद नसेल, तर सहकारी बँकेत 5 लाख आणि इतर बँकांत 15 लाख रुपयांपर्यंत न्यायालयाचा दाखला न मागता दावा निकाली काढायचा, असे रिझर्व्ह बँकेचे 2025 चे निर्देश आहेत.

कारखान्याला मृत्यू लगेच कळवा. ऊसनोंद मयताच्या नावावर राहिली की बिल अडकतं. सोसायटीच्या कर्जाला वारस जबाबदार असतात ते मिळालेल्या मिळकतीपुरतेच; त्यांच्या स्वतःच्या पगारातून कोणी ते वसूल करू शकत नाही. पाणीपुरवठा संस्थेचा शेअर आणि महावितरणची जोडणी नावावर करायला फारसं काही लागत नाही, पण ती कोणाच्या नावावर, हे वाटपात ठरलेलं हवं.

वाटप

वारसांची नावं लागली म्हणजे सगळे सामायिकात आले. बांध पडायचे अजून बाकी. सांगलीकरांना वाटपाचं महत्त्व सांगायला नको. मिरजेच्या जहागिरीवरून चुलते गंगाधररावांशी बिनसल्यावर चिंतामणराव पटवर्धन 1801 च्या सुमारास बाहेर पडले आणि कृष्णाकाठी सांगलीला त्यांनी आपली गादी केली.

सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करा, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करा. कागदावर सह्या करण्याआधी शिवारात जाऊन नकाशा काढा: कोणाचा तुकडा रस्त्याला लागून, कोणाचा विहिरीकडचा, वाट कुठून जाणार, पाट कोणाच्या बांधावरून, पाळी किती दिवसांची. चांगली आणि हलकी जमीन गुंठ्यांत सारखी वाटली तरी किमतीत सारखी होत नाही. तेव्हा हलक्या जमिनीचं क्षेत्र थोडं वाढवून द्या. एक जण जरी राजी नसेल तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा करावा लागतो. हुकूमनाम्यानंतर शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं.

वाटपाचा फेरफार प्रमाणित झाला की भूमि अभिलेख कार्यालयात पोटहिस्सा मोजणीचा अर्ज आणि फी भरा. मोजणीच्या दिवशी शेजारच्या गटवाल्यांसह सगळे हिस्सेदार हजर राहा, हद्दीच्या खुणा तुमच्यादेखत रोवून घ्या, आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात आल्यावर नव्या सातबाऱ्यावरचं क्षेत्र तिच्याशी गुंठा-गुंठा ताडून पाहा. फरक दिसला आणि तो नुसता लेखनाचा असेल, तर त्याच संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.